ग्रंथदान आणि डॉ. हिरालाल जैन

अन्नदानानें एका वेळची भूक शमते. विहीर बांधून दिली, तर कित्येक पिढ्यांची तहान भागते. परंतु ग्रंथदानाचें फळ कोणत्या शतकांत आणि कोणाच्या पदरांत पडेल, हें दात्यासही सांगतां येत नाहीं. याचें उदाहरण दूर शोधावयास नको. तें आपल्या वाशीम जिल्ह्यांतील कारंजा येथेंच आहे. तेथील जुन्या पोथ्यांचा ठेवा ज्यांच्या परिश्रमानें जगाच्या दृष्टीस पडला, त्या डॉ. हिरालाल जैन यांचें चरित्र आम्ही आज वाचकांस थोडक्यांत निवेदन करितों.

हिरालालजींचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस नरसिंहपूर जिल्ह्यांतील गांगई या खेड्यांत झाला. अलाहाबाद विद्यापीठांत त्यांनीं संस्कृताचें उच्च शिक्षण घेतलें. कायद्याचाही अभ्यास केला होता. परंतु वकिलीकडे न वळतां त्यांनीं विद्येचा मार्ग धरिला, आणि १९२५ सालीं ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक झाले.

कारंजा येथील सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तीन जैन मंदिरांत हस्तलिखितांचीं भांडारें शेंकडों वर्षें सांठत आलीं होतीं. जैन समाजांत शास्त्रदान हें मोठें पुण्य मानितात. म्हणून व्यापारी गृहस्थ, आणि कित्येक घरांतील स्त्रियाही, लेखकास मोल देऊन पोथी लिहवून घेत व ती मुनींस किंवा मंदिरास अर्पण करीत. पुष्कळ पोथ्यांच्या अखेरीस अशा दात्यांचीं नांवें आढळतात.

परंतु दिलेली वस्तु उपयोगास आली नाहीं, तर दानाचें सार्थक कसें व्हावें? ओल, आग व वाळवी यांच्या भयानें पोथ्या वेष्टनांत बांधलेल्या असत. त्यांना जपणारांची भक्ति खरी होती; तथापि बाहेरच्या अभ्यासकांस त्या गांठोड्यांत काय आहे, याची वार्ता नव्हती. पुढें मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारनें प्रांतांतील संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची सूचि करविली. तिचे कर्ते कटनीचे रायबहादूर हिरालाल. नामसाम्यामुळें घोटाळा होऊं नये. हे गृहस्थ निराळे, व वयानेंही बरेच वडील. त्यांच्या या कामासाठीं आमच्या चरित्रनायकांनीं कारंज्याचीं भांडारें तपासलीं. ती सूचि १९२६ सालीं नागपुरास प्रसिद्ध झाली, आणि अपभ्रंश भाषेंतील कित्येक काव्यें तेथें सुरक्षित आहेत, हें विद्वानांस कळून आलें. प्राकृत आणि आजच्या देशी भाषा यांमधला दुवा म्हणजे अपभ्रंश. तेव्हां मराठीच्या पूर्वरूपाचा शोध करणारासही ही सामग्री मोलाची होती.

सूचि झाली; पण पोथी सर्वांच्या हातीं पडावयाची, तर ती छापिली पाहिजे. अशा ग्रंथांस गिऱ्हाईक थोडें, म्हणून त्यांत पैसा घालण्यास कोणी धजत नाहीं. येथें पुन्हां खासगी औदार्यच कामास आलें. कारंज्याच्या चवरे घराण्याच्या देणगीनें अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला निघाली. १९३१ सालीं डॉ. प. ल. वैद्य यांनीं संपादिलेलें पुष्पदंताचें ‘जसहरचरिउ’ तींत प्रसिद्ध झालें; १९३४ सालीं हिरालालजींनीं संपादिलेलें कनकामर मुनींचें ‘करकंडचरिउ’ आलें. या दुसऱ्या काव्यांत वर्णिलेलीं तेरापूरचीं लेणीं म्हणजे धाराशिवचीं लेणीं होत, असें त्यांनीं प्रतिपादिलें. पुष्पदंत कवीस दहाव्या शतकांत मान्यखेट येथें नन्न नांवाच्या मंत्र्याचा आश्रय होता. म्हणजे त्याचें काव्य रचलें गेलें तें आश्रयानें, टिकलें तें दानानें, आणि छापिलें गेलें तेंही दानानेंच.

याहून मोठें काम पुढेंच होतें. ‘षट्खंडागम’ या प्राचीन ग्रंथावर वीरसेनाचार्यांनीं नवव्या शतकांत लिहिलेली ‘धवला’ टीका कर्नाटकांतील मूडबिद्री येथें ताडपत्रांवर जपून ठेविलेली होती. पण ती अभ्यासकांच्या दृष्टीस पडणें अत्यंत कठीण. तिच्या नकला कालांतरानें बाहेर आल्या. भेलसा, म्हणजे सांप्रतचें विदिशा, येथील शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या देणगीनें अमरावतीस जैन साहित्योद्धारक फंड उभा राहिला, व १९३९ सालीं हिंदी अनुवादासह पहिला भाग प्रसिद्ध झाला. मध्यें महायुद्ध आलें, कागद महाग झाला. तरी हिरालालजी व त्यांचे सहकारी पंडित मागें हटले नाहींत. सोळावा व शेवटचा भाग १९५८ सालीं निघाला.

पुढें बिहारांतील प्राकृत जैन संशोधन संस्थेचे ते संचालक झाले. १९७३ सालीं त्यांचा देहांत झाला.

या चरित्रापासून आम्हांस एक बोध घ्यावासा वाटतो. द्रव्य देणारा नसता, तर पंडिताचे श्रम कागदावरच राहिले असते. आणि श्रम करणारा नसता, तर दात्याचें द्रव्य कुलुपांत पडून राहिलें असतें. आज १९६७ च्या कायद्याप्रमाणें मान्यता पावलेल्या सार्वजनिक वाचनालयांस सरकारी अनुदान मिळतें. तरीही नवें कपाट, मुलांसाठीं बांक, जुन्या पुस्तकांची बांधणी, यांस गांवच्या सढळ हाताची गरज संपलेली नाहीं. परंतु कपाट देऊन दात्याचें काम संपलें असें मानूं नये. आंतील पुस्तक वाचकाच्या हातीं पडलें म्हणजेच तें संपलें.

विद्यार्थिबंधूंनो, तुम्हांपाशीं द्रव्य नाहीं, हें आम्ही जाणतों. पण आपल्या गांवच्या वाचनालयांत जाऊन एखाद्या सुटीच्या दिवशीं पुस्तकांवरील धूळ झाडणें, फाटलेलीं पानें चिकटविणें व सुंदर अक्षरांत त्यांची यादी लिहून देणें, हें तुमच्या हातचें आहे. हिरालालजींच्या महत्कार्याचा आरंभ एका यादीनेंच झाला होता.