सरस्वती महालाचे धनी : सरफोजी राजे

राज्य गेल्यावर राजाने काय करावे, या प्रश्नाला तंजावरच्या सरफोजी राजे भोसले यांनी आपल्या आयुष्याने जे उत्तर दिले, ते ग्रंथप्रेमी मराठी माणसाने कृतज्ञतेने आठवावे असे आहे.

सरफोजींचा जन्म १७७७ सालचा. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी राजे निवर्तले. दत्तविधान शास्त्राला धरून नाही, असा निर्णय पंडितांकडून मिळवून अमरसिंहास गादीवर बसविण्यात आले. बालराजाचे रक्षण व शिक्षण जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी केले. पुढे इतर पंडितांनी दत्तक सशास्त्र ठरविले आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. धर्मग्रंथांतील वचनांच्या अर्थावर ज्याचे भवितव्य दोनदा पालटले, त्याला पोथीचे मोल निराळे सांगावे लागले नसावे.

गादी मिळाली, पण सत्ता टिकली नाही. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि मुलुखाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. या उत्पन्नाचा मोठा भाग त्यांनी विद्येकडे वळविला.

राजवाड्यातील ग्रंथभांडार नायक राजांच्या वेळेपासूनचे. व्यंकोजी राजांच्या वंशजांनी ते सांभाळले, वाढविले. परंतु त्याला आजचे वैभव आले ते सरफोजींमुळे. १८२० मध्ये ते सुमारे तीन हजार माणसांच्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले. यात्रेचे पुण्य त्यांनी वेगळ्या रीतीनेही जोडले. उत्तरेकडील विद्याकेंद्रांत पंडित पाठवून दुर्मीळ पोथ्या विकत घेतल्या. ज्या विकत मिळण्याजोग्या नव्हत्या, त्यांच्या नकला करवून घेतल्या. वेद, वेदान्त, धर्मशास्त्र, पुराणे, स्तोत्रे अशा ग्रंथांची भर पडत गेली. दक्षिणेतील ताडपत्रांशेजारी उत्तरेकडील कागदी पोथ्या विसावल्या. तंजावरात समर्थसंप्रदायाचे मठ होते. त्या परंपरेतील मराठी वाङ्मयही येथे जतन झाले.

स्वधर्मावर अढळ निष्ठा असूनही परक्या विद्येचा त्यांना विटाळ नव्हता. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आदी भाषांतील सुमारे ४,५०० छापील पुस्तके त्यांनी जमविली. त्यांतील अनेकांवर त्यांची इंग्रजी सही आढळते. गुरू श्वार्ट्झ यांचे स्मारक त्यांनी तंजावरच्या चर्चमध्ये उभारले. धर्म मात्र बदलला नाही. १८०५ च्या सुमारास त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखानाही काढला.

१८३२ मध्ये सरफोजी निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये औरस पुत्रावाचून वारले आणि कंपनी सरकारने गादी खालसा करून राजवाड्यातील मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या न्यायालयात दाद मागितली; तेथे त्या जिंकल्या, पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरविला. पुढे सरकारने खासगी मालमत्ता राजघराण्याला परत दिली. दरम्यान या हस्तलिखितांचे महत्त्व विद्वानांना उमगले होते. बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाने तयार केलेली संस्कृत पोथ्यांची वर्गीकृत सूची १८८० मध्ये पूर्ण झाली आणि तंजावरचे नाव युरोपातील अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

१९१८ मध्ये हा संग्रह सार्वजनिक झाला. त्यानंतर जंबुनाथभट्ट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत या घराण्यांनी पिढ्यान्पिढ्या जपलेल्या पोथ्या त्यात घातल्या. आज तेथे सुमारे ३९,००० संस्कृत आणि ३,००० हून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, शिवाय तमिळ व तेलुगू आहेतच.

एका राजाने जमविलेले धन त्याच्या वंशाबरोबर संपण्याची वेळ आली होती. ते वाचले, याचे श्रेय ज्यांनी त्याची यादी केली, ज्यांनी त्याची दारे वाचकांना खुली केली आणि ज्यांनी आपल्या घरची बासने त्यात आणून ठेवली, त्या सर्वांचे आहे. ग्रंथ जमविणे हे एकाचे काम असू शकते. ते टिकविणे अनेकांचे असते. महाराष्ट्रापासून दूर, कावेरीकाठी उभे असलेले हे भांडार त्याची साक्ष देत आहे.