आगीत डाव्या हाताची दोन बोटं गेली, तरी जँगो राइनहार्टने लीड गिटार वाजवायची पद्धतच बदलून टाकली

गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीला एक नियम सांगतात. डाव्या हाताची चार बोटं चार फ्रेटवर ठेवायची, प्रत्येक बोटाला एक फ्रेट. त्या चौकटीत स्केलचे स्वर शोधायचे, पाठ करायचे आणि मग त्यातून सोलो वाजवायचा. याला 'बॉक्स पॅटर्न' म्हणतात.

पण चारपैकी दोन बोटं चालतच नसतील तर?

जँगो राइनहार्टच्या बाबतीत हेच झालं. तेव्हा तो फक्त 18 वर्षांचा होता.

तांड्यावरचा मुलगा

23 जानेवारी 1910 ला बेल्जियममधल्या लिबर्शी या गावात जँगोचा जन्म झाला. घर म्हणजे घोड्याने ओढायची गाडी, कारण कुटुंब रोमा समाजातल्या मानुश गटाचं होतं. रोमा लोकांचे पूर्वज काही शतकांपूर्वी भारतातून युरोपात गेले, हे त्यांच्या भाषेवरून कळतं. रोमानी भाषेत दोनला 'दुय', तीनला 'त्रिन' आणि पाचला 'पांज' म्हणतात. 'जँगो' या नावाचा अर्थही 'मी जागा होतो' असा सांगितला जातो. मराठीतल्या 'जाग'शी त्याचं नातं लगेच लक्षात येतं.

जँगो लहानाचा मोठा झाला तो पॅरिसच्या वेशीवरच्या तांड्यांवर. शाळा जवळपास नाहीच. बाराव्या वर्षाच्या आसपास त्याच्या हातात गिटारसारखं वाजवायचं बँजो आलं आणि काही वर्षांतच तो पॅरिसच्या डान्स हॉलमध्ये अकॉर्डियन वादकांना साथ करू लागला. 1928 मध्ये त्याची पहिली रेकॉर्डिंग्ज झाली. इंग्लंडचे प्रसिद्ध बँडलीडर जॅक हिल्टन यांच्याकडून त्याला बोलावणंही आलं होतं.

एक मेणबत्ती

त्याच वर्षाच्या शेवटी एका रात्री जँगो कार्यक्रम आटोपून गाडीवर परतला. त्याची बायको विकण्यासाठी सेल्युलॉइडची फुलं बनवायची आणि गाडीत ती भरून ठेवलेली होती. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं. मेणबत्तीची ज्योत लागली आणि क्षणात गाडी पेटली.

जँगो घोंगडीच्या आडोशाने बाहेर पडला, पण त्याचा उजवा पाय आणि डावा हात भाजला. डॉक्टर पाय कापायचा म्हणत होते. त्याने नकार दिला आणि पुढे पाय वाचला. हाताची करंगळी आणि अनामिका मात्र आकसून कायमची वाकडी झाली. हिल्टनकडची संधी अर्थातच गेली.

बरं व्हायला जवळपास दीड वर्ष लागलं. या काळात धाकट्या भावाने, जोसेफने, त्याला एक गिटार आणून दिली.

पॅटर्न नव्याने कसा बसवला?

जँगोची अडचण साधी होती. सात स्वरांचं स्केल वाजवताना एका तारेवर साधारण तीन स्वर येतात. तर्जनी आणि मधलं बोट दोन स्वर घेतील, पण तिसऱ्यासाठी बोटच नाही.

त्याने चौकट सोडली. एका जागी हात ठेवून तारा बदलण्याऐवजी तो हातच गिटारच्या मानेवर वर-खाली धावू लागला. दोन स्वर घ्यायचे, हात पुढे सरकवायचा, पुन्हा दोन स्वर.

दुसरी गोष्ट म्हणजे, तो सलग स्केलपेक्षा आर्पेजिओवर जास्त भर देऊ लागला. आर्पेजिओ म्हणजे कॉर्डमधले स्वर एकत्र न छेडता एकेक करून वाजवणं. त्यामुळे सोलो खालच्या कॉर्डला चिकटून राहतो. आणि लागोपाठच्या सगळ्या फ्रेटवरून बोट सुसाट नेत घेतलेली त्याची तान आजही लगेच ओळखू येते.

'जँगो दोन बोटांनी वाजवायचा' हे मात्र अर्धंच खरं आहे. सोलो दोन बोटांवर चालायचा, पण कॉर्ड धरताना तो वाकडी बोटंही खालच्या बारीक तारांवर टेकवायचा. उजव्या हाताचा जोरकस स्ट्रोक तर डान्स हॉलच्या दिवसांपासून पक्का होताच. थोडक्यात, आगीने त्याला मोठं केलं नाही. आधीच तयार असलेल्या कानाने आणि हाताने आगीनंतर नवी वाट काढली.

गिटार पुढे आली

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तुलाँ शहरात जँगोने लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्ड ऐकल्या आणि जॅझने त्याला झपाटलं. 1934 मध्ये व्हायोलिन वादक स्टेफान ग्रापेलीसोबत 'क्विंटेट ऑफ द हॉट क्लब ऑफ फ्रान्स' सुरू झालं. तीन गिटार, एक व्हायोलिन, एक बास. ड्रम नाहीच. तोपर्यंत जॅझमध्ये गिटार मुख्यतः मागे ठेका धरायची. इथे ती सर्वांत पुढे होती.

1939 मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा बँड लंडनमध्ये होता. ग्रापेली तिथेच थांबला, जँगो फ्रान्सला परतला. नाझींनी लाखो रोमांना ठार मारलं, त्या काळात तो पॅरिसमध्ये वाजवत होता. 1940 मध्ये त्याने 'न्यूआज' ही आपली सर्वांत गाजलेली रचना रेकॉर्ड केली. 1943 मध्ये स्वित्झर्लंडला पळून जाताना तो पकडला गेला, पण जॅझप्रेमी जर्मन अधिकाऱ्यामुळे सुटला.

1946 मध्ये त्याने ड्यूक एलिंग्टनसोबत अमेरिकेचा दौरा केला, तोही नोटेशन वाचता येत नसताना. 16 मे 1953 ला मेंदूत रक्तस्राव होऊन त्याचा मृत्यू झाला. वय होतं 43.

गोष्ट तिथे संपली नाही

1960 च्या दशकात बर्मिंगहॅममधल्या एका कारखान्यात 17 वर्षांच्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये तुटली. गिटार संपली असं त्याला वाटत असताना कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली. आयोमीने बोटांना प्लॅस्टिकच्या टोप्या बनवल्या आणि पुढे 'ब्लॅक सबाथ'मधून हेवी मेटलचा पाया घातला.

आज गिटार शिकणारे अनेकजण पाच बॉक्स पाठ करतात आणि सोलो घेताना त्याच चौकटीत अडकतात. त्यांनी जँगो जरूर ऐकावा. पॅटर्न ही हाताची सोय असते. कोणत्या कॉर्डवर कोणता स्वर शोभेल, हे कानालाच शिकावं लागतं.