अण्णा आणि बाया

मागच्या महिन्यात लिफ्ट दोन दिवस बंद होती, तेव्हा तीन मजले चढताना मी किती कुरकुर केली ते आमच्या विंगला ठाऊक आहे. दम खात जिन्यात टेकलो आणि अण्णा आठवले. महर्षी धोंडो केशव कर्वे.

परीक्षेसाठी हा मुलगा कोकणातल्या मुरुडहून साताऱ्याला सह्याद्री ओलांडून पायी गेला. सुमारे ११० मैल! तिथे काय, तर वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही.

पुढे ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरुडकरांनी बहिष्कार घातला, स्वतःच्या आईकडे उतरायची चोरी झाली. १९०० साली हिंगण्याच्या माळावर विधवांसाठी झोपडी उभी राहिली. कॉलेज सुटलं की अण्णा तिकडे चालत जायचे.

बँकेत जन्म गेलेल्या मला एक गोष्ट मात्र अजून पचत नाही. आपली ५००० रुपयांची विमा पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. बाया, म्हणजे त्याच गोदूबाई, फार चिडल्या. पदरात मुलं होती हो! अण्णा माझ्यासमोर काउंटरवर आले असते तर मी बायांचीच बाजू घेतली असती.

त्याच बाया पुढे आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या. अण्णांना १९५८ साली शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं. ते पाहायला बाया नव्हत्या.