मृत्यूला माउलीचे रूप देणारे राजकवी

मराठी माणसाच्या शोकप्रसंगी ज्या कवीची आठवण हमखास होते, तो कवी म्हणजे भास्कर रामचंद्र तांबे. आप्ताच्या वियोगाने व्याकूळ झालेल्या घरात आजही त्यांच्या एखाद्या गीताचे सूर आधार देऊन जातात. प्रेमगीतांचे आणि नाट्यगीतांचे कवी म्हणून तांब्यांचा लौकिक मोठा आहे. परंतु मराठी मनाला त्यांनी दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट कदाचित निराळीच असावी. ज्या मृत्यूचे नाव काढायलाही माणूस कचरतो, त्याला त्यांनी घरातल्या माणसाचा चेहरा दिला.

एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात, तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावली या गावी तांब्यांचा जन्म झाला. हे गाव आज मध्य प्रदेशातील अशोकनगर जिल्ह्यात आहे. झाशी आणि देवास येथे त्यांचे शिक्षण झाले. झाशीच्या राणीच्या समाधीवरील त्यांची कविता पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांच्या ओठी राहिली. प्रवेश परीक्षेच्या पुढे शिक्षण जाऊ शकले नाही. राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांनी नोकरीस आरंभ केला आणि पुढे मध्य भारतातील संस्थानांच्या न्याय व प्रशासन खात्यांत निरनिराळ्या जागांवर काम केले. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून शेकडो मैल दूर, दप्तराच्या कामातून सवड काढून हा कवी लिहीत राहिला.

या दूरस्थपणाचा लाभही झाला. घरात मराठी, बाहेर हिंदी, दरबारात हिंदुस्थानी गायकी आणि वाचनात इंग्रज कवी असे चार संस्कार त्यांच्यावर एकाच वेळी घडले. मीरा आणि कबीर यांची पदे ज्या मुलखात वाटेवरच्या भिकाऱ्याच्या तोंडीही ऐकू येतात, त्या मुलखात ते वाढले. त्या पदांतला देव प्रियकर असतो आणि जीव त्याच्या भेटीसाठी आसुसलेली स्त्री. मधुरा भक्तीची ही परंपरा तांब्यांनी मराठी गीतात आणली आणि तिला अस्सल मराठी घराचे रूप दिले.

त्यांचे ‘नववधू’ हे गीत वरवर पाहता सासरी निघालेल्या मुलीचे आहे. माहेरच्या ओढीने तिचे पाऊल अडखळते, पतीची ओढही आवरत नाही आणि अखेर, भीती घालवून आपल्याला घेऊन जा, असे ती त्यालाच विनवते. जाणत्या रसिकांना मात्र त्या वधूच्या ठायी हे जग सोडताना घुटमळणारा जीव दिसत आला आहे. जगाची माया हे माहेर आणि परमेश्वराचे घर हे सासर, असा अर्थ लागताच मरणाची भीती नाहीशी होत नाही, पण ती ओळखीची होते. मुलगी सासरी धाडताना डोळे पुसणाऱ्या प्रत्येक आईबापाला तो हुंदका ठाऊक असतो.

‘घनतमी शुक्र’ या गीतात तांबे आणखी पुढे गेले. फुलाचा शेवट फळात होतो, बियाण्याचा झाडात आणि तेलाचा उजेडात, हा रोजच्या पाहण्यातला क्रम दाखवून ते रडणाऱ्या मनाची समजूत घालतात. आणि शेवटी मृत्यूच्या दाराशी बाहू पसरून उभी असलेली आई दाखवतात. यमदूत, पाश आणि रेडा या पुराणांनी रुजवलेल्या चित्राच्या जागी वाट पाहणारी माउली आली, हे परिवर्तन लहान नव्हे. जवळपास त्याच काळात बंगालीत रवींद्रनाथ टागोर मृत्यूला दारी आलेल्या पाहुण्याचा मान देत होते.

हे सांत्वन खोटे वाटत नाही, याचे कारण तांब्यांनी जगाविषयी कोणताही भ्रम बाळगला नाही. माणूस गेल्यावर लोक क्षणभर हळहळतील आणि आपापल्या कामाला लागतील. सूर्य उगवेल, पिके वाढतील, नद्या वाहत राहतील, हे ‘जन पळभर म्हणतील’ या कवितेत त्यांनी निर्विकारपणे सांगितले. पण त्या कठोर हिशेबाच्या शेवटी उभा आहे तो यमाचा नव्हे, हरीचा दूत. जग विसरणारच असेल, तर त्याच्यासाठी कुढत बसण्यापेक्षा त्या दूताबरोबर शांतपणे निघावे, असा त्या कवितेचा निष्कर्ष आहे. ‘मावळत्या दिनकरा’ या गीतातही, उगवत्याला वंदन करणाऱ्या आणि मावळत्याकडे पाठ फिरवणाऱ्या जगात, त्यांनी आपले अर्घ्य मावळत्या सूर्याला वाहिले.

प्रसिद्धीची धडपड त्यांनी फारशी केली नाही. त्यांचा पहिला संग्रह १९२० मध्ये वा. गो. मायदेव यांच्या संपादनाने निघाला आणि समग्र कविता १९३५ मध्ये माधव जूलियन यांनी संपादित केली. रविकिरण मंडळातील कवींनी त्यांना गुरुस्थानी मानले. १९३७ मध्ये ते ग्वाल्हेर दरबारचे राजकवी झाले. ७ डिसेंबर १९४१ रोजी त्यांची जीवनयात्रा संपली. अवघे चार महिने आधी, ७ ऑगस्ट रोजी, टागोरही गेले होते.

पुढे हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली आणि लतादीदींचा स्वर लाभून ‘घनतमी शुक्र’ आणि ‘मावळत्या दिनकरा’ ही गीते आकाशवाणीवरून घराघरांत पोहोचली. ज्यांनी तांब्यांचे पुस्तक कधी उघडले नाही, त्यांच्याही दुःखात ती सोबतीला आली. माणूस गेला की जग त्याला विसरते, असे लिहिणाऱ्या या कवीला मात्र मराठी माणूस विसरलेला नाही. आपले कुणी गेले की तो आजही त्यांच्याच शब्दांपाशी येऊन बसतो.