कानांनी घडविलेला गंधर्व

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी हे गाव संगीताच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले ते एका मुलामुळे. ८ एप्रिल १९२४ रोजी या गावी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ यांचा जन्म झाला. पुढे अवघा देश त्यांना पंडित कुमार गंधर्व या नावाने ओळखू लागला. बेळगाव त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. घरात कानडी, पेठेत मराठी आणि गायनाच्या बैठकीत हिंदुस्थानी बंदिशी, असा त्या मुलुखाचा सहज त्रिवेणी संगम होता. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, मिरज या वाटेवर संगीत नाटक मंडळ्यांचे मुक्काम पडत. मिरजेस अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य होते, तर धारवाडकडे सवाई गंधर्वांचा दबदबा होता.

याच काळात सधन घरांतून आणि दुकानांतून कर्ण्याचा ग्रामोफोन वाजू लागला होता. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तासभर राग आळवणाऱ्या गवयाला तेवढ्या अवकाशात आपले सारसर्वस्व सांगावे लागे. आज ज्याला लोकप्रिय गाणे म्हणतात, ते स्थान त्या वेळी या तबकड्यांना होते. लोक त्या पुनःपुन्हा ऐकत आणि कोणाची तान दाणेदार, कोणाचा सूर अधिक गोड, यावर हिरिरीने वाद घालीत.

सुळेभावीच्या शिवपुत्राने या तबकड्या निराळ्याच रीतीने ऐकल्या. वडील सिद्धरामय्या स्वतः गात असत, त्यामुळे सूर घरातच होता. तरी मुलाला कोणी पद्धतशीर शिकविले नव्हते. पाच-सहा वर्षांचा असतानाच तो ऐकलेले गाणे जसेच्या तसे गाऊ लागला. चाल उचलणारी मुले पुष्कळ असतात. हा मुलगा गायकाचा श्वास, आवाजाचा लगाव, तानेचा वेग आणि समेवर येण्याची ढब यांसह संपूर्ण गवईच समोर उभा करी. एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि मूळ नाव मागे पडले. वडिलांनी मुलाला घेऊन गावोगावी जलसे सुरू केले. १९३५ मध्ये अलाहाबादच्या संगीत परिषदेत आणि पुढल्या वर्षी मुंबईत त्याच्या गायनाने भलेभले उस्ताद चकित झाले.

या कौतुकातच एक मोठा धोका दडलेला होता. दुसऱ्याचे गाणे हुबेहूब गाणारा बालक लोकांना विस्मयचकित करतो; आवाज फुटला, वय वाढले की तोच विस्मय ओसरतो. अशी कित्येक बालरत्ने काळाच्या ओघात विझून गेली आहेत. कुमारांचे तसे झाले नाही, याचे श्रेय प्रथम प्राध्यापक बी. आर. देवधर यांना द्यावे लागेल. १९३६ मध्ये मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या त्यांच्या संगीत विद्यालयात हा मुलगा दाखल झाला. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य असले तरी एका घराण्याच्या कुंपणात अडकलेले नव्हते. ज्या रागांची आपण नक्कल करीत होतो त्यांचे व्याकरण कुमारांना येथे प्रथम उमगले. मूळच्या गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही त्यांना विद्या मिळाली. भेंडीबाजार घराण्याच्या या थोर गायिकेचे ऋण कुमारांच्या सुरेलपणावर आहे, हे गोमंतकीयांनी अभिमानाने स्मरावे असे आहे.

याच मुलुखातील दुसऱ्या एका मुलाची गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. गदगच्या भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि तसे गाणे शिकविणाऱ्या गुरूच्या शोधात कोवळ्या वयात घर सोडले. शोधाअंती ते सवाई गंधर्वांपाशी स्थिरावले. एकाच प्रदेशातील दोन बालकांपैकी भीमसेनांना तबकडीने घराण्याच्या दारी नेले, तर कुमारांना घराण्यांच्या पलीकडची वाट दाखविली.

१९४७ मध्ये विद्यालयातील सहाध्यायिनी भानुमती कंस यांच्याशी कुमारांचा विवाह झाला. संसार मांडला जातो न जातो तोच क्षयाचे निदान झाले. १९४८ च्या प्रारंभी कोरड्या हवेसाठी हे दांपत्य माळव्यातील देवासला गेले. डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली. ज्याची सारी ओळख गळ्यात होती, त्याच्यापुढे पाच-सहा वर्षांचे मौन उभे राहिले. भानुमतींनी शिक्षिकेची नोकरी करून घर चालविले आणि पतीची शुश्रूषा केली. त्या सुमारास उपलब्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाने अखेर प्राण वाचले, परंतु एक फुफ्फुस कायमचे निकामी झाले.

या सक्तीच्या शांततेत ऐकणे तेवढे उरले होते. अंथरुणावर पडल्यापडल्या माळव्यातील बायकांची लग्नगीते, ऋतुगीते आणि नाथपंथी साधूंची निर्गुणी भजने कानांवर येत. बालपणी ऐकलेले सूर कुमारांनी तत्काळ उमटवले होते; आता गाता येत नसल्याने ऐकलेल्यावर विचार करणे भाग पडले. लोकधुनेच्या चार-पाच स्वरांत रागाचे बीज असते, हा निष्कर्ष त्यांनी याच काळात काढला. त्यातून मालवती, संजारी, लगनगंधार, मधसुरजा असे राग जन्मास आले. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला 'अनूपरागविलास' हा ग्रंथ या चिंतनाचा साक्षीदार आहे.

१९५३ च्या सुमारास ते मैफलीत परतले, ते निराळेच गवई होऊन. दीर्घ आलापीऐवजी छोटे, धारदार स्वरसमूह, मध्येच स्तब्धता, पुन्हा विजेसारखी तान. परंपरानिष्ठांनी या गायनावर कठोर टीका केली. घराणे नाही, संथ विलंबिताची बढत नाही, असे आक्षेप आले. कुमारांनी त्यांना मैफलीतूनच उत्तर दिले. 'मला उमजलेले बालगंधर्व' हा त्यांचा कार्यक्रम या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एके काळी तबकड्यांवरून गवयांची नक्कल करणारा मुलगा आता बालगंधर्वांची पदे आपल्या समजुतीने गात होता. त्यात अनुकरणाची जागा रसिक परीक्षणाने घेतली होती. श्रोत्यांत दोन तट पडले. गाजलेली पदे मात्र पुन्हा नव्याने ऐकली जाऊ लागली.

बैठकीला कधी न गेलेल्या घरांतही कुमार पोहोचले ते आकाशवाणीमुळे. वाणी जयराम यांच्यासमवेत गायिलेले 'ऋणानुबंधाच्या' हे नाट्यपद आणि कबीराची निर्गुणी भजने रेडिओवरून मराठी माणसाच्या कानांत कायमची बसली.

१९६१ मध्ये भानुमतींचे निधन झाले. पुढील वर्षी वसुंधरा श्रीखंडे त्यांच्या जीवनात आल्या आणि मैफलीतही सोबतीस बसल्या. पद्मभूषण, पद्मविभूषण असे सन्मान मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे हा सूर निमाला. मुलगा मुकुल शिवपुत्र आणि मुलगी कलापिनी यांनी तो पुढे नेला.

सीमाभागातील भाषेचे वाद आजही मिटलेले नाहीत. कानडी घरात जन्मलेल्या, मराठी रसिकांनी आपला मानलेल्या आणि माळव्याच्या मातीत विसावलेल्या या गवयावर मात्र तिन्ही मुलुखांचा सारखाच हक्क आहे. आज गाणी बोटाच्या एका स्पर्शाने मिळतात आणि तितक्याच वेगाने विसरलीही जातात. अशा काळात सुळेभावीच्या मुलाचे ते एकाग्र ऐकणे पुन्हा शिकून घ्यावे असे आहे.