फ्लॉरेन्स नाइटिंगेल : दिव्याआडची चिकित्सक नजर

सत्तरी ओलांडलेला, हृदय दुबळे झालेला रुग्ण. पायांवर सूज, आडवे होताच धाप, चार पावलांत थकवा. डॉक्टरांचे निदान केसपेपरवर आधीच लिहिलेले असते. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला मात्र त्याच खाटेशेजारी उभे राहून दुसरे निदान करायचे असते. अंगात साठलेले पाणी, न सोसणारे श्रम, मोडलेली झोप, पडण्याचा धोका, मनातील भीती यांपैकी शुश्रूषेने काय बदलू शकेल आणि आधी कशाला हात घालायचा, हे तिने ठरवायचे असते. अशा परिचर्या-निदानांची पद्धतशीर यादी करण्याचे काम १९७३ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथील परिषदेत सुरू झाले. त्यामागचा विचार मात्र शतकाहून जुना असून तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुग्णसेवा हे तेव्हा कुलीन स्त्रीचे काम मानले जात नसे. घरच्यांच्या विरोधात कित्येक वर्षे गेली. अखेर १८५१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे सुमारे तीन महिने त्या विद्यार्थिनी म्हणून राहिल्या.

क्रिमियाच्या युद्धात नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुतारी येथे पोहोचल्या. हातात दिवा घेऊन रात्री फिरणारी देवदूती ही त्यांची प्रतिमा तेथलीच. पण या प्रतिमेने त्यांच्या खऱ्या कामावर पडदाच टाकला, असे म्हणावे लागते. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील रुग्णालयात मृत्यूचे प्रमाण शंभरात ४२ वर गेले होते. उपासमार आणि अतिश्रम यांनी खंगलेले सैनिक फार उशिरा दाखल होतात, हे त्यामागचे कारण आहे असे त्यांना त्या वेळी वाटत होते. मार्चमध्ये स्वच्छता आयोग आला, इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ झाली, हवा खेळू लागली आणि मृत्यू झपाट्याने घटले. मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत आकडे तपासताना आपले निदान चुकल्याचे त्यांच्या ध्यानात आले. जखमांपेक्षा रुग्णालयाच्या अवस्थेनेच अधिक माणसे दगावली होती. ही चूक त्यांनी लपवली नाही. वर्तुळाकार आलेख काढून ती सरकारपुढे मांडली.

याच अनुभवातून १८५९ च्या अखेरीस शुश्रूषेवरील त्यांचे छोटेसे पुस्तक आले. रुग्णाला होणारा त्रास दर वेळी रोगाचाच असतो असे नाही. हवा, उजेड, ऊब, शांतता, स्वच्छता आणि वेळेवर आहार यांच्या अभावानेही तो होतो, हे त्याचे प्रतिपादन होते. रोगाचा त्रास कोणता आणि शुश्रूषेतील उणिवेचा कोणता, हे वेगळे काढणे म्हणजेच परिचारिकेचे निदान. रात्र बरी गेली का, असे मोघम विचारण्याऐवजी किती तास आणि कोणत्या वेळी झोप लागली ते विचारावे, असे त्या सांगत. अशक्त रुग्णाच्या उशा श्वासाला मोकळीक मिळेल अशा रचाव्यात, तो काही करीत असताना पाठीमागून बोलू नये, हेही त्यांनी लिहिले. धाप लागणाऱ्या वृद्धाच्या खाटेशेजारी या सूचना आजही तंतोतंत लागू पडतात.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १५ विद्यार्थिनींसह त्यांच्या निधीतून प्रशिक्षणशाळा सुरू झाली. नाडी, श्वास, झोप, भूक, त्वचा, औषध व आहाराचा परिणाम यांचे काटेकोर निरीक्षण हा विद्यार्थिनींच्या कर्तव्याचा भाग होता आणि प्रत्येकीच्या प्रगतीची नोंद दरमहा ठेवली जाई.

दैव असे की, त्यांचा स्वतःचा आजारच दीर्घकाळ निदानाविना राहिला. ऑगस्ट १८५७ मध्ये त्या कोसळल्या. छातीत धडधड, धाप, अन्नावरची वासना उडालेली. त्या फार दिवस जगणार नाहीत असे जवळच्यांना वाटले. क्रिमियात जडलेला ब्रुसेलोसिस हा जंतुसंसर्ग हे त्याचे कारण असावे, असे मत पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले गेले. पुढची अनेक वर्षे बव्हंशी खोलीतच गेली, तरी लेखणी थांबली नाही. भारतात पाऊल न ठेवताही येथील लष्कराच्या आरोग्यस्थितीवरील १८६३ च्या शाही आयोगाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. हजारी ६९ सैनिकांचा मृत्यू ही आकडेवारी त्यांनी लंडनमधील सत्ताधाऱ्यांसमोर वारंवार ठेवली. त्यांचे सारेच आग्रह काळाच्या कसोटीला उतरले असे नव्हे. जंतूंचा सिद्धांत स्वीकारायला त्यांनी बराच काळ घेतला, तर परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला त्यांचा ठाम विरोध होता.

१९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. तोवर दृष्टी गेली होती आणि त्यांची शुश्रूषा इतर करीत होते. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये झोपेतच त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील दफनाचा प्रस्ताव कुटुंबीयांनी नम्रपणे नाकारला. ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारातील त्यांच्या समाधीवर पूर्ण नावही नाही, एफ. एन. ही आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा एवढेच कोरलेले आहे.