विश्लेषण : मेंदूतील पेशी पुन्हा जन्मत नाहीत, असे ठरवणारे काहाल कोण होते?

पक्षाघात झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना आजही सांगितले जाते, की मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. ही समजूत वैद्यकशास्त्रात रुजली त्यात सर्वांत मोठा वाटा सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाचा. पुढे मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, नव्या चेतापेशी तयार होताना दिसल्या तेव्हा काहाल चुकले असे सरसकट म्हटले गेले. प्रत्यक्षात त्यांनी लिहिलेले याहून सावध होते. आणि या कोड्याचा एक महत्त्वाचा धागा त्यांच्याच प्रयोगशाळेत सापडला होता. तो शोधणाऱ्याला मात्र तिथे राहता आले नाही.

तोफेपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधील पेतिया दे आरागोन या डोंगरी खेड्यात झाला. वडील हुस्तो शल्यवैद्य होते. मुलाने डॉक्टर व्हावे हा त्यांचा हट्ट, तर मुलाला व्हायचे होते चित्रकार. शाळेत तो टिकेना. अकराव्या वर्षी घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचे फाटक उडवले आणि त्याला काही दिवस कोठडीत काढावे लागले. वडिलांनी त्याला आधी केशकर्तनाच्या दुकानात, मग जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. उपाय सापडला तो दफनभूमीत. तिथली जुनी हाडे गोळा करून वडिलांनी मुलाला ती रेखाटायला लावली. चित्रे काढता काढता शरीररचनाशास्त्र अंगी भिनले.

१८७३ मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यावर काहाल लष्करी डॉक्टर म्हणून क्युबात गेले आणि मलेरियाने खंगून परतले. त्या नोकरीच्या शिलकीतून त्यांनी सूक्ष्मदर्शक घेतला. १८८५ मध्ये कॉलऱ्याच्या साथीवर त्यांनी काम केले, त्याबद्दल सारागोसाच्या प्रांतिक प्रशासनाने त्यांना झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. मानधनापेक्षा ही भेट त्यांना किती तरी मोलाची ठरली.

त्यांनी नेमके काय शोधले?

इटलीच्या कामिलो गॉल्जी यांनी चांदीचे क्षार वापरून चेतापेशी काळ्या रंगवण्याची पद्धत काढली होती. तिची गंमत अशी, की शेकडो पेशींतल्या मोजक्याच रंगतात, पण त्या शेंड्यापासून मुळापर्यंत दिसतात. काहाल यांनी ही पद्धत १८८७ मध्ये माद्रिदमध्ये पाहिली. तिच्यात सुधारणा करून त्यांनी ती पक्ष्यांच्या आणि लहान प्राण्यांच्या मेंदूवर वापरली. मेंदू म्हणजे सलग जाळे, असे गॉल्जी मानत. काहाल यांना मात्र प्रत्येक पेशी वेगळी, फक्त शेजारणीला टेकलेली दिसली. १८८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने नियतकालिक काढून हे निष्कर्ष छापले. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. त्या समारंभातील व्याख्यानातही गॉल्जी यांनी काहाल यांच्या सिद्धांतावर टीका केली.

मग ‘पेशी परत येत नाहीत’ हे कुठून आले?

१९१३-१४ मध्ये काहाल यांचा चेतासंस्थेच्या ऱ्हासावर आणि पुनर्निर्मितीवर दोन खंडांचा ग्रंथ निघाला. प्राण्यांचे मेंदू आणि मज्जारज्जू कापून पुढे काय होते, हे त्यांनी त्यात नोंदवले आहे. हातापायांतील चेतातंतू पुन्हा वाढतात. मेंदूतील तंतू थोडे वाढून थबकतात. त्यावरून प्रौढ मेंदूतील मार्ग कायमचे ठरलेले असतात, असे त्यांनी लिहिले. मात्र त्याच ठिकाणी, हा कठोर निवाडा बदलता आला तर भविष्यातील विज्ञानाने तो बदलावा, अशी अपेक्षाही व्यक्त केली. पाठ्यपुस्तकांनी पहिला भाग उचलला, दुसरा सोडला.

दुसऱ्या भागाला आधार होता. काहाल यांचे शिष्य तेयो यांनी सशाच्या मेंदूत पायाच्या चेतेचा तुकडा बसवला, तेव्हा मेंदूतील तंतू त्यात शिरू लागले. म्हणजे वाढण्याची क्षमता पेशीत होती, भोवताल साथ देत नव्हता. रासायनिक खुणा तंतूंना वाट दाखवतात, ही कल्पना काहाल यांनी १८९२ मध्येच मांडली होती. त्या खुणा कोण सोडते, हे मात्र अंधारात होते.

शिष्याशी काय बिनसले?

१९१९ मध्ये त्यांच्याच संस्थेत काम करणाऱ्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी मेंदूत एक वेगळीच छोटी पेशी दाखवली. तिला त्यांनी मायक्रोग्लिया असे नाव दिले. ती आकार बदलते, इजेच्या जागी धावते आणि मेलेल्या पेशी गिळते. चेतापेशींखेरीजच्या या पेशींचे काहाल यांनी केलेले वर्गीकरण त्यामुळे अपुरे ठरत होते. संस्थेतल्या कुरबुरींचीही त्यात भर पडली आणि १९२० मध्ये रिओ-ओर्तेगा यांना बाहेर पडावे लागले. एकेकाळी गॉल्जींसमोर एकटे उभे राहिलेल्या माणसाने आपल्या शिष्याशी असे वागावे, ही काहाल यांच्या चरित्रातील खुपणारी बाजू. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी काहाल यांचे माद्रिदमध्ये निधन झाले. रिओ-ओर्तेगा १९४५ मध्ये ब्युनोस आयर्सला निर्वासित म्हणून वारले.

आज या पेशीला इतके महत्त्व का?

मायक्रोग्लिया ही मेंदूतील रोगप्रतिकारक पेशी आहे, हे आता पक्के आहे. ती सायटोकाइन नावाची प्रथिने सोडते. पेशींनी एकमेकींना धाडलेले हे निरोपच. मूलपेशीने चेतापेशी व्हायचे की नाही, यावर त्यांचा परिणाम होतो.

प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी बनतात, हे जोसेफ ऑल्टमन यांनी १९६०च्या दशकात उंदरांत दाखवले; पण त्यांच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९९२ मध्ये प्रौढ उंदराच्या मेंदूतून मूलपेशी वेगळ्या करण्यात आल्या. १९९८ मध्ये माणसातील पुरावा मिळाला तो कर्करोगाच्या पाच मृत रुग्णांमुळे. उपचारादरम्यान त्यांना विभागणाऱ्या पेशी ओळखण्यासाठी एक द्रव्य दिले होते; तेच स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींत सापडले.

मग २००३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की मेंदूत दाह झाला तर ही निर्मिती घटते आणि दाहशामक औषधाने सावरते. इंटरल्युकिन-६ हा निरोप मूलपेशींना चेतापेशी होण्यापासून रोखतो, तर इंटरल्युकिन-४ ने चेतवलेल्या मायक्रोग्लिया उलट मदत करतात. झेब्राफिशमध्ये तर इजेनंतरचा दाहच नव्या चेतापेशींची सुरुवात करून देतो. त्यामुळे दाह सरसकट दाबला की काम झाले, असे नाही.

माणसात किती नव्या चेतापेशी बनतात, यावर मात्र अजून एकमत नाही. २०१८ मध्ये एका चमूला प्रौढांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्या जवळजवळ सापडल्याच नाहीत, दुसऱ्याला वृद्धापकाळातही सापडल्या. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत मूलपेशींपासून तयार केलेल्या पेशी बसवण्याच्या दोन छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. एकीत १२ रुग्ण होते, दुसरीत ७. दोन्हींत बसवलेल्या पेशी टिकाव्यात म्हणून रुग्णांना रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागली.